मुद्दाम नऊ मार्क

दाढूचे बाबा कवळ्या बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, बाबा त्यात प्लॅस्टर ओतायचे, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायचे आणि चिमट्यात एकेक दात धरून जागच्या जागी बसवायचे. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघायला लावून त्यांना ही एकुलती एक मुलगी झाली. उशिरा आली आणि येताना आईला भरपूर त्रास देऊन आली, म्हणून बाबा तिला अक्कलदाढ म्हणू लागले. त्याचं झालं दाढू. खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेत हजेरी देण्यापुरतं.

आई गणिताची बाई. त्या वर्षी तिला नव्या गावातल्या शाळेत नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. दाढूचं नावही त्याच शाळेत घातलं, नववी ब मध्ये. सकाळी एकाच रस्त्याने जायचं, एकाच फाटकातून आत शिरायचं. आईला ही सोय फार आवडली. दाढूलाही आवडली होती, पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या तासापर्यंत.

पहिला तास छान गेला. तिच्या बाकावर एक दणकट मुलगी बसली होती, जिचा आवाज असा होता की ती कुजबुजली तरी फळ्यापर्यंत ऐकू जायचं. वर्गात तिला सगळे तोफ म्हणत.

"कुठनं आलीस? आधीची शाळा कशी होती? चित्रकला येते का? मला अजिबात येत नाही, माझा घोडा टेबलासारखा दिसतो," तोफेने एका दमात विचारून आणि सांगून टाकलं. मागच्या बाकावरच्या मुलाचीही तिने ओळख करून दिली. "हा रेडिओ. कुणाचाही आवाज काढतो. मुख्याध्यापकांचा तर असा काढतो की शिपाईसुद्धा उठून उभे राहतात."

दाढूला वाटलं, जमलं आपलं इथे.

दुसरा तास गणिताचा होता. नव्या बाई वर्गात आल्या, सगळी पोरं उभी राहिली, बाईंनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून एक डबा काढून थेट तिसऱ्या बाकापाशी आल्या.

"अगं बाळा, डबा घरीच विसरलीस ना!"

तोफेने आधी डब्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग दाढूकडे. आणि ती हळूच बाकावर थोडी पलीकडे सरकली. फार नाही, एक पुस्तक मावेल एवढीच. पण दाढूला ते अंतर मैलाचं वाटलं.

त्या दिवसापासून ती 'बाईंची' झाली. कुणी तिला छळलं नाही, कुणी टोचून बोललं नाही. ती आली की फक्त गप्पांना ब्रेक लागायचा आणि लगेच कुणीतरी हवेबद्दल काहीतरी बोलायचं. मधल्या सुट्टीत घोळक्याजवळ गेलं की घोळका विरघळायचा. बाईंच्या मुलीसमोर कोण बोलणार? संध्याकाळी सगळं घरी पोचायचं, असं त्यांना वाटे. वास्तविक दाढू घरी शाळेबद्दल चकार शब्द काढत नव्हती, कारण बोलण्यासारखं काही घडतच नव्हतं.

एक दिवस ताप आला म्हणून ती घरी राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली तर विज्ञानाची चाचणी! आदल्या दिवशी जाहीर झालेली, सगळ्यांना ठाऊक, हिला सांगणार कोण? इतिहासाचंही तसंच झालं. पूर्वीच्या शाळेत ती मैत्रिणीबरोबर बडबडत धडे पाठ करायची. इथे एकटी पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान चार वेळा वाचून पाचव्यांदा वाचायला घ्यायची. एकेका विषयाचे मार्क खाली येऊ लागले. गणित मात्र जागेवर होतं, आणि नेमकं तेच नडलं. पहिल्या चाचणीत तिला पन्नासपैकी पन्नास पडले.

"घरचा पेपर, घरचे मार्क," मागून रेडिओ बातम्यांच्या आवाजात म्हणाला. वर्ग खदखदून हसला.

त्या हशाने तिच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. हे मार्कच आपले शत्रू असतील तर? दुसऱ्या चाचणीच्या वेळी तिने पेपर हातात घेतला, सगळी उत्तरं मनातल्या मनात काढली आणि मग मोठ्या काळजीपूर्वक, एकेक करून, चुकीची लिहिली.

ते पेपर आईने घरी जेवणाच्या टेबलावर तपासायला घेतले. दाढू शेजारी इतिहासाच्या पुस्तकामागे तोंड लपवून बसली होती. आईचं लाल पेन एका पेपरावर थांबलं.

"हे काय आहे?"

"काय?"

"पहिल्या प्रश्नात चिन्ह चुकलंय, समजू शकते. दुसऱ्यात गुणाकार चुकलाय, तेही समजू शकते. पण तिसऱ्या प्रश्नाच्या प्रत्येक उत्तरात तू बरोबर एकने पुढे आहेस. एकूणएक उत्तरात! अगं, दर वेळी असं एकनेच चुकायचं तर आधी खरं उत्तर माहीत असावं लागतं."

दाढूने पुस्तक आणखी वर धरलं.

"ते पुस्तक उलटं आहे," आई म्हणाली.

मग काय, सगळं बाहेर आलं. डबा, सरकलेली तोफ, विरघळणारा घोळका, घरचा पेपर. सांगता सांगता दाढूला रडू फुटलं. आईचा राग जिथल्या तिथे विरला, पण हात काही सैल पडला नाही. तिने पेपरावर नऊ लिहिले आणि खाली रेघ मारली.

"जे लिहिलंयस त्याचे एवढेच होतात. उद्या वर्गात जाऊन सांगू का मी, की हिच्याशी बोलत जा म्हणून?"

"आई! नको! तू असं काही केलंस तर मी शाळाच सोडेन!"

पुढच्या खोलीतून बाबा हात पुसत आले. त्यांच्या बोटांना प्लॅस्टर लागलं होतं. "अक्कलदाढे, मी कितीही मापात कवळी करून दिली ना, तरी पहिले काही दिवस तोंड तिला परकंच मानतं. जीभ सारखी तिथे जाऊन ढोसते. माणूस माझ्यावर वैतागतो. आणि मग एक दिवस तो जेवायला बसतो आणि कवळी आहे हेच विसरून जातो."

"म्हणजे मी काय करू?"

"ते मला काय माहीत? पण कवळी टोचते म्हणून तिचे दात घासून निम्मे करून टाकायचे नसतात, एवढं सांगतो. मी केले असते तर डॉक्टरांनी मला घरी बसवलं असतं."

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. दाढूचे नऊ मार्क वाऱ्यासारखे वर्गभर पसरले. बाईंच्या मुलीला नऊ! सख्ख्या आईने दिलेत! रेडिओला बातमी द्यायला शब्द सापडेनात. मधल्या सुट्टीत दाढू नेहमीसारखी जिन्याखालच्या पायरीवर एकटी, नाक ओढत बसली होती, तर धप्पकन शेजारी कुणीतरी बसलं. तोफ होती.

"घरी फार बोलल्या का गं?" तोफेने आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं. पटांगणातल्या दोघांनी वळून पाहिलं.

"हो. म्हणजे... थोडंसं."

"जाऊ दे. मला तेरा आहेत. मला वाटायचं तू अगदी पोहोचलेली आहेस. गणितात आपण दोघी सारख्याच ढ निघालो की!" तोफेला मनापासून आनंद झाला होता. "असं करू. मी शिकवते तुला. मला सगळं नाही येत, पण नऊपेक्षा चार जास्त येतंय ना?"

दाढू काय बोलणार? हो म्हणाली. आणि रोज मधल्या सुट्टीत जिन्याखाली तोफेची शिकवणी सुरू झाली.

तोफेची आई लॉन्ड्री चालवायची. आजूबाजूच्या हॉटेलांच्या चादरी आणि गल्लीतले सगळे शर्ट तिच्याकडे येत. त्यामुळे तोफेचं बीजगणितही लॉन्ड्रीतलंच होतं. "हे बघ, क्ष म्हणजे आतल्या खोलीत लपलेला माणूस. बाकीच्यांना एकेक करून बरोबरच्या पलीकडे पाठवायचं. आणि पलीकडे जाताना प्रत्येकजण उलटा होऊन जातो, धुवायला टाकताना शर्ट उलटा करतो ना, तसा. अधिकचा वजा, वजाचा अधिक. कळलं?"

दाढूला ते तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण न कळल्याचं नाटक करायचं तर काहीतरी विचारायला हवं, म्हणून ती म्हणाली, "पण का उलटा होतो?"

"का म्हणजे? होतो."

"पण का?"

"उद्या सांगते," तोफ म्हणाली, आणि घंटा झाली.

गंमत अशी की रस्त्याने घरी जाताना दाढूच्या लक्षात आलं, हे 'का' आपल्यालाही सांगता येणार नाही. आपण चिन्हं बदलत आलो, मार्क मिळवत आलो, कधी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तोफ जवळजवळ धावतच आली. लॉन्ड्रीत साबणाची पावडर मोजायचा जुना दोन पारड्यांचा तराजू होता. काल संध्याकाळभर ती त्याच्यासमोर बसली होती.

"ऐक! कुणी पलीकडे जातच नाही! आपण दोन्ही पारड्यांतनं सारखंच काढतो. इकडचं पाच काढलं की तिकडचंही पाच काढायचं. बघणाऱ्याला वाटतं पाच उडी मारून तिकडे गेलं आणि वजा झालं. आहे की नाही?"

"आहे," दाढू म्हणाली, आणि या वेळी तिला नाटक करावं लागलं नाही.

मग तिला विचारायची चटकच लागली. कंस आधी का? शून्याने भागायचं का नाही? तोफ वैतागायची, डोकं खाजवायची, घरी जाऊन पुस्तक उलटंपालटं करायची आणि सकाळी उत्तर घेऊन हजर व्हायची. जन्मात गणिताचं पुस्तक न उघडणारी मुलगी आता ते दप्तरात वरती ठेवू लागली. रेडिओही जिन्याखाली येऊ लागला. आधी टिंगल करायला, मग ऐकायला. बदल्यात तो इतिहासाचे धडे निरनिराळ्या आवाजांत वाचून दाखवायचा. तहाची कलमं तो अशा तावातावाने भांडून दाखवायचा की दाढूला ती न घोकताच पाठ झाली. आणि दर वाक्याला का-का करते म्हणून त्यानेच तिचं नाव ठेवलं कावळी. दाढूला ते नाव कुणी हार घालावा तसं वाटलं.

फक्त एकच गोष्ट, त्या नऊ मार्कांची, सांगायची राहिली होती. आज सांगू, उद्या सांगू म्हणत तिने ती ढकलत नेली, आणि मग सांगायची वेळच राहिली नाही.

गणिताच्या तासाला आईने तोफेला फळ्याशी बोलावलं. पाच वजा, कंसात क्ष वजा तीन, बरोबर दोन. तोफ ऐटीत गेली, कंस काढला आणि तीनच्या मागे वजाच ठेवून पुढे निघाली. उत्तर आलं शून्य. ते तपासून पाहिलं तर पाच वजा, वजा तीन, म्हणजे आठ. दोन काही होईना. ती खडू हातात धरून अडली. पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दाढूला ते सहन झालं नाही.

"अगं, कंस! बाहेरचं वजा आतल्या दोघांनाही लागतं! तीन अधिक होतात, म्हणजे आठ वजा क्ष बरोबर दोन, म्हणजे क्ष बरोबर सहा!"

सगळं एका श्वासात, कागद-पेन्सिल न घेता.

तोफ फळ्यापाशी उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. वर्गही बघत राहिला. आईने डोळे मिटून घेतले.

सुट्टीत तोफेने तिला पटांगणाच्या कोपऱ्यात गाठलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खरोखर हळू होता.

"तुला सगळं येत होतं."

"हो."

"नऊ मुद्दाम पाडलेस?"

"हो. कुणी बोलत नव्हतं माझ्याशी, म्हणून..."

"मला तेरा पडले होते," तोफ म्हणाली. "मी मुद्दाम नव्हते पाडले. चाचणीआधी मी रडेपर्यंत अभ्यास केला होता. आणि तू तिथे बसून गंमत म्हणून नऊ लिहून आलीस."

ती निघून गेली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. जिन्याखाली त्या दिवशी कुणी आलं नाही.

दाढूने दोन-तीन दिवस कसेबसे काढले. माफीची वाक्यं मनात जुळवली, खोडली. शेवटी रविवारी सकाळी उठून ती सरळ लॉन्ड्रीत गेली. आत वाफ कोंदली होती. तोफेची आई इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती, आणि तिच्या मागे चादरींचा डोंगर.

"मैत्रीण का तू? बरं झालं आलीस," ती मान वर न करता म्हणाली. "माझी कामाला येणारी बाई आज आली नाही. हिला चादरींच्या घड्या घालायला एक माणूस हवंच होतं. ये, धर."

माफीबिफी राहिली बाजूला. चादरीची दोन टोकं दाढूच्या हातात आली, पलीकडची दोन तोफेच्या. आता ज्याच्याशी आपला अबोला आहे त्याच्याबरोबर चादरीची घडी घालून बघावी. लांब उभं राहून ताणायची, मग दोघींनी चालत समोरासमोर यायचं, बोटांना बोटं लावून टोकं जुळवायची आणि पुन्हा मागे जायचं. तोफ दर वेळी जवळ यायची ती छताकडे बघत. दाढू तिच्या हनुवटीकडे.

पहिल्या काही चादरी मुक्याने झाल्या.

"चुकलं माझं," एका फेरीत नाक नाकाशी आलं तेव्हा दाढू म्हणाली.

तोफ टोकं घेऊन मागे गेली.

"गंमत म्हणून नव्हतं केलं," पुढच्या फेरीत दाढू म्हणाली. "मला वाटलं, कमी मार्क पडले तर तुम्ही मला घ्याल."

"आम्ही काय मार्क बघून माणसं घेतो?" तोफ लांबूनच ओरडली. इस्त्री क्षणभर थांबली. "तू बाईंची मुलगी म्हणून गप्प होतो. नऊ पडले म्हणून नाही आले मी. तू जिन्याखाली एकटीच मुसमुसत होतीस म्हणून आले!"

दाढूला हे सुचलंच नव्हतं. ती चादर धरून उभी राहिली.

"ताण ना! सुरकुती पडतेय."

तिने ताणली. मग जवळ येताना म्हणाली, "पण ते 'का' खरे होते. चिन्ह का उलटतं ते मला नव्हतं माहीत. शप्पथ. ते तूच शिकवलंस."

तोफेने टोकं जुळवली, पण या वेळी लगेच मागे गेली नाही. "खरंच नव्हतं माहीत?"

"खरंच."

"पन्नासपैकी पन्नास आणि माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

तोफेच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. ते दाबायचा तिने प्रयत्न केला, पण ती तोफ होती, तिला काहीच दाबता येत नसे. ती इतक्या जोरात हसली की तिच्या आईने दचकून इस्त्री उभी करून ठेवली.

"एक अट," हसू ओसरल्यावर तोफ म्हणाली. "येत असेल तर येतंय म्हणायचं. आणि 'का' विचारणं सोडायचं नाही. तुझ्यामुळे माझं डोकं दुखतं, पण चालायला लागलंय ते."

चादरींचा डोंगर संपेपर्यंत दोघींचं पुढच्या धड्यावरून भांडणही सुरू झालं होतं.

सहामाहीत तोफेला पन्नासपैकी चौतीस पडले. तिने ते मार्क आधी वर्गाला, मग व्हरांड्याला आणि मग रस्त्यावरच्या लोकांना सांगितले. रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गणितात पास झाला आणि त्याने ही बातमी गणिताच्या बाईंच्याच आवाजात, चष्मा नाकावर सरकवत, वाचून दाखवली. बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चष्मा मी उजव्या हाताने सरकवते," आणि वर्ग बाकांवर कोसळला. दाढूचा इतिहास वर आला, विज्ञान वर आलं. गणितात तिला अठ्ठेचाळीस पडले. घरचा पेपर असं कुणी म्हणालं नाही. उलट तोफ म्हणाली, "दोन कुठे घालवलेस गं? माझं नाव खराब करतेस!"

त्या आठवड्यात तोफ पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला आली. उंबऱ्यावर छडीसारखी ताठ उभी राहिली. "बाई, आत येऊ?"

"अगं, इथे विचारायचं नसतं," आई म्हणाली. तिच्या अंगावर घरातला ढगळ गाऊन होता आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. बाईंच्या पायांत अशा चपला असू शकतात हे पाहून तोफेचे खांदे जरा खाली आले. बाबांनी तिला कामाचं टेबल दाखवलं. वर्गात मुलीला कावळी म्हणतात हे कळल्यावर तर त्यांना जग जिंकल्यासारखं झालं. "मी कवळी करतो आणि घरात कावळी! एका कान्याचा तर फरक!" हा विनोद त्यांनी जेवताना तीन वेळा केला आणि तोफ तिन्ही वेळा हसली, म्हणून ती त्यांना फारच गुणी मुलगी वाटली.

जेवण झाल्यावर दोघी भूमितीचं पुस्तक घेऊन आतल्या खोलीत बसल्या. नवा धडा होता, वर्तुळाचा, वर्गात अजून शिकवलाही नव्हता. त्यातलं एक प्रमेय दोघींपैकी कुणालाच कळेना. आतून आवाज येऊ लागले. जीवा, त्रिज्या, नाही गं, तो कोन तिथे नाहीच, मग कुठे आहे, का पण!

स्वयंपाकघरात आई ताट पुसत होती. तेच ताट ती कधीपासून पुसत होती. शेवटी राहवेना, तशी ती फडकं खांद्यावर टाकून निघाली. बाबांनी तिच्या गाऊनची बाही धरली.

"अहो, सोडा. चुकीच्या बिंदूतून लंब काढतायत त्या!"

"काढू देत."

"नुसतं एक वाक्य सांगते."

तेवढ्यात आतून आवाज आला. तो अर्थातच शेजारच्या तीन घरांतही गेला असणार.

"बाई, तुम्ही येऊ नका हं! आमचं होत आलंय!"